सीएनसीचं ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग: कोल्हापुरातल्या सेटर-ऑपरेटरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि उद्यमनगर इथली, सीएनसीवर म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर काम करणारी पोरं जे नेहमी विचारतात ते इथे एकत्र केलंय. जॉब (कापायचा तुकडा) लावता येतो, ऑफसेट (झिरो कुठे आहे, टूल किती लांब आहे हे मशीनला सांगणारा आकडा) घेता येतो, ड्रिलिंग आणि टॅपिंगच्या सायकल हाताखालून गेल्यात, आता पुढे काय, असा ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी हे आहे. कोड देवनागरीत लिहिलेत. मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे. वेगळं सांगितलं नसेल तर उदाहरण फॅनुक कंपनीच्या कंट्रोलचं (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) समजा, आपल्याकडच्या शेडमध्ये तोच कंट्रोल जास्त भेटतो.

ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग म्हणजे अजून जास्त जी-कोड पाठ करायचे का?

नाही. जी-कोडची, म्हणजे मशीनच्या ठरलेल्या सूचनांची, यादी मशीनच्या पुस्तकात असतेच, ती डोक्यात भरून कोणी मोठा प्रोग्रॅमर झालेला नाही. साधा प्रोग्रॅम मशीनला फक्त सांगतो: इथे जा, एवढं काप. ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅम मशीनकडून आधी माहिती घेतो, हिशोब करतो आणि मग ठरवतो. त्यासाठी लागतात व्हेरिएबल (आकडा ठेवायची जागा), गणित, अट, लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा फिरवणं) आणि मॅक्रो (हे सगळं वापरून लिहिलेला, आकडे बदलून पुन्हा वापरता येणारा प्रोग्रॅम). जोडीला प्रोबिंग (मशीनमध्येच प्रोबचं टोक टेकवून जॉब मोजणं), प्रोग्रॅममधूनच ऑफसेट लिहिणं, हाय-स्पीड मोड आणि पुढे चौथा-पाचवा ॲक्सिस (हालचालीची जादा दिशा).

माझं मत विचाराल तर कोल्हापुरात यातला मॅक्रो आणि प्रोबिंग हा भाग सगळ्यात आधी शिकावा. आपलं काम मुख्यतः कास्टिंगचं. एकाच घराण्यातले दहा-बारा जॉब, मापं वेगळी, आकार तोच. आणि कच्चा माल कधीही दोनदा सारखा येत नाही. जो सेटर (मशीन लावून देणारा) हे सगळं डोक्यात ठेवून दिवसपाळीत मशीन चालवतो, तो घरी गेला की रात्रपाळीचं रिजेक्शन वाढतं. त्याच्या डोक्यातलं प्रोग्रॅममध्ये उतरवणं, याला मी ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग म्हणतो.

शिक्षण किती लागतं? माझं आयटीआय टर्नर झालंय, इंजिनिअरिंग नाही.

टर्नर किंवा मशिनिस्टचा आयटीआय पुरेसा आहे, आणि खरं सांगायचं तर शेडमध्ये हात काळे केलेला आयटीआयवाला बऱ्याचदा पुढे जातो, कारण टूल कुठे ठोकू शकतं हे त्याला दिसतं. गणित मात्र टाळता येणार नाही. साइन, कोसाइन, टॅन्जंट, पायथागोरस, आणि अंश-मिनिटांचं दशांशात रूपांतर, एवढं पक्कं हवं. दहावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक काढा, तेवढं बस्स.

ड्रॉइंग वाचणं त्याहून महत्त्वाचं. डेटम (जिथून मापं घ्यायची ती जागा) कुठला, पोझिशन टॉलरन्स कशाच्या संदर्भाने दिलाय, हे कळत नसेल तर मॅक्रो कितीही सुबक लिहिला तरी जॉब चुकीचाच निघणार.

इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

सुरुवातीला थोडं. अलार्मचे आणि मॅन्युअलमधले तेच ते दोनशे-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. एका वहीत ते उतरवत गेलात तर काही महिन्यांत वही उघडायची गरज उरत नाही.

मशीनवर मॅक्रो चालतो की नाही, हे कसं तपासायचं?

एमडीआय मोडला (हाताने एखादी ओळ टाकून चालवायचा मोड) जा, "#१०० = १" अशी ओळ टाका आणि सायकल स्टार्ट द्या. मग ऑफसेटच्या बटणातून मॅक्रो व्हेरिएबलचं पान उघडा. #१०० समोर १ दिसला की काम झालं. अलार्म आला तर त्या मशीनवर मॅक्रोचा ऑप्शन उघडलेला नाही. जुनं सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनी व्यवहार करायच्या आधीच ही चाचणी करून घ्यावी. ही ओळ कोणताही ॲक्सिस हलवत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

#१, #१००, #५०० यांत फरक काय?

हा प्रश्न बारका वाटतो, पण निम्मे घोळ इथेच होतात.

#१ ते #३३ हे लोकल. मॅक्रोला बोलावताना जी माहिती द्याल ती यांत येऊन बसते, आणि मॅक्रो संपला की जाते. #१०० ते #१९९ हे कॉमन. सगळे प्रोग्रॅम ते वाचू शकतात, पण मशीन बंद केलं की रिकामे होतात. #५०० पासूनचे मशीन बंद केल्यावरही टिकतात. #१००० आणि त्यापुढचे सिस्टिमचे: त्यांतून ऑफसेट, ॲक्सिसची जागा, चालू असलेला जी-कोड वाचता येतो, आणि काहींत लिहिताही येतं. उदाहरणार्थ #५२२१ म्हणजे जी५४ चा (जॉबच्या झिरोच्या ऑफसेटचा) एक्स, #५२२२ त्याचा वाय, #५२२३ झेड.

#० हा रिकामा, आणि रिकामा म्हणजे शून्य नव्हे. "एक्स #२४" असं लिहिलंय आणि #२४ रिकामा आहे, तर मशीन एक्स हा शब्द तिथे नाहीच असं समजून पुढे जातं. त्याच जागी शून्य असता तर एक्स थेट जॉबच्या झिरोवर गेला असता. क्लॅम्प आडवा असेल तर हा फरक काही हजार रुपयांचा पडतो.

#५०० च्या पुढचे व्हेरिएबल वापरताना मशीनजवळ एक रजिस्टर ठेवा: कोणता नंबर कोणत्या कामाला, कोणी घेतला. दोन सेटर एकाच मशीनवर #५०० वापरतायत, एक पार्ट काउंटला आणि दुसरा फिक्स्चरच्या उंचीला, हा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो. घडतो तेव्हा हसू येत नाही.

जी६५ आणि एम९८ दोन्ही दुसरा प्रोग्रॅम बोलावतात. मग दोन कशाला?

एम९८ नुसता बोलावतो. जी६५ बोलावताना सोबत माहितीही देतो. "जी६५ पी९१००" च्या पुढे एक्स, वाय, आर, ए असे शब्द दिले की ते ठरलेल्या व्हेरिएबलमध्ये जाऊन बसतात: ए म्हणजे #१, बी #२, सी #३, आय #४, डी #७, एफ #९, एच #११, आर #१८, एक्स #२४, वाय #२५, झेड #२६. हा क्रम सरळ नाही, सी च्या पुढे एकदम आय येतो, म्हणून तक्ता छापून मशीनच्या दारावर चिकटवा. पाठ करण्यात अर्थ नाही.

दुसरा फरक लपलेला आहे. जी६५ ने बोलावलं की लोकल व्हेरिएबलचा नवा, रिकामा संच मिळतो. एम९८ ने बोलावलं तर जुनाच संच चालू राहतो. म्हणजे एम९८ च्या आतल्या प्रोग्रॅमने #१ बदलला तर बाहेरच्याचाही #१ बदलला. माहीत नसेल तर हा दोष शोधताना सेकंड शिफ्ट संपते.

आणि तिसरी गोष्ट, दशांश चिन्ह. जी६५ सोबत "एक्स१०" लिहिलंत आणि पुढे टिंब दिलं नाहीत, तर मशीन त्याला १० मायक्रॉन समजू शकतं. कायम "१०." असं लिहायची सवय लावा.

पहिला मॅक्रो कोणता लिहू?

पीसीडीवरच्या, म्हणजे एका वर्तुळावर मांडलेल्या, होल्सचा. पीसीडी हा त्या वर्तुळाचा व्यास. सगळे हाच लिहितात, आणि त्यात लूप, अट, गणित सगळं येतं, म्हणून बरोबरच करतात.

समजा फ्लँजवर १२० पीसीडीवर ६ होल आहेत, पहिलं ३० अंशावर. मॅक्रोला पाच गोष्टी लागतात: केंद्राचा एक्स, वाय, त्रिज्या, सुरुवातीचा कोन, होलची संख्या. आत एक मोजणी शून्यापासून सुरू करायची. व्हाइल लूपमध्ये अट अशी, की मोजणी होलच्या संख्येपेक्षा लहान असेपर्यंत फिर. प्रत्येक फेरीत कोन काढायचा: सुरुवातीचा कोन अधिक मोजणी गुणिले ३६० भागिले संख्या. एक्स म्हणजे केंद्र अधिक त्रिज्या गुणिले कोसाइन, वाय म्हणजे केंद्र अधिक त्रिज्या गुणिले साइन. तिथे होल मारायचं, मोजणी एकने वाढवायची, एंड.

मशीनवर जायच्या आधी कागदावर पडताळा. केंद्र शून्यावर धरलं तर पहिलं होल एक्स ५१.९६२, वाय ३०.००० वर यायला हवं. दुसरं ९० अंशावर, म्हणजे एक्स शून्य, वाय ६०. ही दोन जुळली की सूत्र बरोबर. न जुळल्यास बहुतेक वेळा कंस चुकलेला असतो. फॅनुकमध्ये हिशोबाला चौकोनी कंस लागतात, गोल कंसात लिहिलेलं मशीन टीप समजून सोडून देतं.

कोन दरवेळी आधीच्या कोनात मिळवत नेऊ नका, आणि लूप थांबवायला कोनाची बरोबरी तपासू नका. ७ होल असतील तर ३६० ला ७ ने पूर्ण भाग जात नाही. बारीक फरक साठत जातो आणि "बरोबर ३६०" कधी येतच नाही. मोजणी पूर्णांकात ठेवा आणि तुलना "लहान" किंवा "लहान किंवा समान" अशी करा.

हे चाललं की खरं काम सुरू होतं: चुकीची माहिती आली तर मॅक्रोने काय करायचं? संख्या दिलीच नाही, तर #३००० मध्ये १ टाकून सोबत संदेश लिहा. मशीन थांबतं आणि ३००१ नंबरच्या अलार्मबरोबर तुमचा संदेश दाखवतं. मशीन नुसतं थांबवून ऑपरेटरला काही सांगायचं असेल, उदाहरणार्थ "क्लॅम्प बदला", तर #३००६ वापरा. सायकल स्टार्ट दिला की पुढे चालू होतं. या दोन व्हेरिएबलइतका रोजच्या कामात उपयोगी भाग मॅक्रोमध्ये दुसरा नाही.

कास्टिंगच्या कामात मॅक्रोचा नेमका फायदा कुठे?

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण कोल्हापूरचं पोटपाणी यावर आहे.

मोल्डचे दोन भाग जुळताना थोडे सरकतात, कोअर (आतली पोकळी ठरवणारा भाग) हलतो, फेटलिंगवाला (कास्टिंग घासून साफ करणारा) एका बाजूने जास्त घासतो. त्यामुळे ग्रे आयर्न असो की एसजी आयर्न, एकाच बॅचमधल्या दोन कास्टिंगवरचा स्टॉक (कापून काढायचा जादा माल) सारखा नसतो. फिक्स्चर मात्र तेच, जी५४ तोच. समजा तयार लांबी २०० आहे आणि दोन्ही टोकांना २-२ मिलिमीटर स्टॉक सोडलाय. प्रोबने दोन्ही कच्ची टोकं मोजली, डावं उणे १०२.९ ला सापडलं आणि उजवं अधिक १०१.३ ला. आहे तसं कापलं तर डावीकडे २.९ आणि उजवीकडे १.३ निघणार. दोन्हींची सरासरी उणे ०.८ येते, जी५४ चा एक्स तेवढा सरकवला की दोन्हीकडे २.१ येतं. टूलवरचा भार सारखा, आणि उजवीकडे काळी साल राहायची भीती गेली.

मॅक्रोत हे असं बसतं: जी३१ ने प्रोब पुढे न्यायचा, टोक लागलं की ॲक्सिस थांबतो, आणि ती जागा #५०६१ पासूनच्या व्हेरिएबलमध्ये मिळते. दोन्ही टोकांची सरासरी काढायची आणि ऑफसेटमध्ये लिहायची, थेट #५२२१ मध्ये किंवा जी१० एल२ पी१ ने. मशीनवर रेनिशॉचा प्रोब आणि त्यांचे तयार मॅक्रो असतील तर जी३१ स्वतः लिहायची गरज नाही. ९८१० सुरक्षित हालचालीला, ९८११ एका पृष्ठभागाला, ९८१४ बोअर किंवा बॉसला. सुरक्षित हालचाल म्हणजे वाटेत काही लागलं तर मशीन थांबतं. साध्या जी०० ने प्रोब फिरवणारा माणूस प्रोबच्या किमतीची चौकशी करत फिरतो.

यात तीन खाचखळगे आहेत. पहिला: जी५४ मध्ये दर जॉबला ०.८, मग उणे ०.३, असं मिळवत गेलात तर चुका साठत जातात, आणि विसाव्या जॉबला ऑफसेट कुठे पोहोचलाय हे कोणालाच सांगता येत नाही. फिक्स्चरचा मूळ आकडा जी५९ मध्ये किंवा #५०० च्या पुढे जपून ठेवा, आणि दरवेळी जी५४ नव्याने लिहा: मूळ अधिक आजची सरक. दुसरा: सरकवण्याला मर्यादा घाला. सरक ठरलेल्या आकड्याच्या बाहेर गेली, किंवा एखाद्या बाजूचा स्टॉक ०.५ च्या खाली आला, तर #३००० चा अलार्म. तिसरा अनुभवी माणसालाही चकवतो: दरवेळी मध्य काढणं बरोबर नसतं. पंप बॉडीत आतली भिंत कोअरने ठरते, ती मशीन होत नाही. बाहेरची टोकं समान करायला गेलात आणि भिंत एका बाजूला पातळ झाली, तर प्रेशर टेस्टला जॉब गळतो. सरासरी कशाची काढायची, हे ड्रॉइंग आणि फाउंड्रीवाला दोघांना विचारून ठरवा.

नीट बसवलेल्या मॅक्रोमुळे रात्रीचे फोन कसे होतात, ते पाहा.

"दादा, तीन हजार दोन अलार्म आलाय. काय करू?"
"स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाच की."
"उजवीकडे स्टॉक कमी, असं लिहिलंय."
"मग ते कास्टिंग लाल पेटीत टाक, दुसरं लाव. ऑफसेटला हात लावू नकोस."

आमच्याकडे प्रोब नाही. मग हे सगळं वाया?

नाही. बॅच सुरू होताना पाच-सहा कास्टिंग सरफेस प्लेटवर हाइट गेजने मोजा, सरासरी सरक #५०१ मध्ये टाका, प्रोग्रॅमला तो वाचू द्या. दर जॉबची अचूकता मिळणार नाही. बॅच बदलली म्हणून प्रोग्रॅम उघडून आकडे खोडायची पाळी मात्र टळेल.

कॅम सॉफ्टवेअर असताना हाताने मॅक्रो लिहायचा कशाला?

मोल्ड, डाय, पॅटर्न, थ्री-डी पृष्ठभाग असेल तर कॅमच (कॉम्प्युटरवरच्या मॉडेलवरून प्रोग्रॅम काढणारं सॉफ्टवेअर). तिथे हाताने लिहायचा हट्ट म्हणजे वेळेची नासाडी.

पण कास्टिंगच्या जॉबमध्ये काम असतं फेसिंग, बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, थ्रेड मिलिंग. कॅम याचा लांबलचक प्रोग्रॅम काढून देतो आणि त्यात सगळे आकडे गोठलेले असतात. ग्राहकाने पीसीडी १२० चा १२२ केला की कॅमवाल्याकडे परत जा, पोस्ट (मशीनच्या भाषेतला प्रोग्रॅम) काढा, पाठवा, पुन्हा तपासा. मॅक्रोत एक आकडा बदलतो. शिवाय कॅम ऑफिसात बसतो; शेडमध्ये आलेलं हे कास्टिंग डावीकडे सरकलंय हे त्याला दिसत नाही.

दोन्ही शिका. मॅक्रो येणारा माणूस पोस्ट प्रोसेसरमधून काय बाहेर पडतंय हे वाचू शकतो, आणि कॅममध्ये तो लवकर तयार होतो. उलटं सहसा होत नाही.

जी-कोड इतका जुनाट का वाटतो? आणि फॅनुकचा मॅक्रो सीमेन्सवर का चालत नाही?

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पहिलं न्यूमरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, तेव्हा सूचना छिद्रं पाडलेल्या पट्टीवरून जायच्या. एक अक्षर, एक आकडा, ओळ संपली, हा साचा तिथून आलाय. आयएसओ ६९८३ या मानकाने मूळ कोड ठरवले, पण व्हेरिएबल आणि अटींची भाषा त्यात बसवली नाही, म्हणून प्रत्येक कंपनीने आपली वेगळी चूल मांडली.

सीमेन्सच्या सिन्युमेरिकवर #१०० ऐवजी आर पॅरामीटर असतात, आणि स्वतःच्या नावाचे व्हेरिएबलही करता येतात; वाचायला ती भाषा जास्त सोपी आहे. हायडेनहाइनवर क्यू पॅरामीटर. मित्सुबिशी आणि हास बरेचसे फॅनुकच्या वळणाचे, पण सिस्टिम व्हेरिएबल जसेच्या तसे धरू नका. एका कंट्रोलवर पक्के व्हा. दुसऱ्यावर तर्क तोच राहतो, लिहायची पद्धत तेवढी बदलते.

टर्निंग सेंटरवर मॅक्रोचा उपयोग आहे का?

आहे, फक्त व्हीएमसीइतका (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनइतका) नाही, कारण जी७१, जी७० आणि जी७६ या तयार सायकल बरंच सांभाळून घेतात. पुलीचे व्ही-ग्रूव्ह हे चांगलं उदाहरण: ग्रूव्हची संख्या, पिच, खोली आणि कोन दिला की एकाच मॅक्रोत सगळं घराणं बसतं.

लेथवाल्यांसाठी त्याहून गरजेची गोष्ट जी९६ ची, म्हणजे कटिंग स्पीड कायम ठेवणाऱ्या कोडची आहे. कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर धरला तर ३०० व्यासावर सुमारे १५९ आरपीएम येतात, आणि फेसिंग करत १० व्यासापर्यंत आलात की ४७७५. चकमध्ये तोल नसलेलं कास्टिंग असेल तर या वेगात काय होईल ते सांगायला नको. जी५० सोबत एस देऊन कमाल आरपीएम आधी बांधून घ्या, प्रत्येक प्रोग्रॅममध्ये, पहिल्या काही ओळींतच.

फाइव्ह ॲक्सिस शिकू का?

शिका, पण शेवटी. मशीन हाताशी नसताना नुसत्या व्हिडिओवरून फाइव्ह ॲक्सिस येत नाही. त्याआधी एचएमसीवर (आडव्या स्पिंडलच्या मशीनवर) किंवा रोटरी टेबलवर चौथ्या ॲक्सिसचं काम करा: बी ॲक्सिस (टेबल) फिरल्यावर झिरो कुठे जातो, तो साइन-कोसाइनने कसा काढायचा, हे हाताने सोडवा. ते आलं की फॅनुकचा जी६८.२ आणि जी४३.४, सीमेन्सचा सायकल८०० आणि ट्राओरी काय करतात ते आपोआप उलगडतं.

नवा मॅक्रो पहिल्यांदा चालवताना काय काळजी घ्यायची?

जी५४ चा झेड १०० मिलिमीटर वर उचला आणि हवेत पूर्ण सायकल चालवा. रॅपिडचा (न कापतानाच्या जलद हालचालीचा) वेग सगळ्यात खाली ठेवा. नजर टूलवर नको, "डिस्टन्स टू गो" च्या आकड्यावर ठेवा; टूल जॉबपासून २० वर दिसतंय आणि अजून ८० जायचंय असं स्क्रीन म्हणत असेल, तर फीड होल्ड दाबून थांबवा.

सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ चालवण्यावर) फार विसंबू नका. साधारणपणे मॅक्रोच्या हिशोबाच्या ओळींवर मशीन थांबतच नाही, ते थेट पुढच्या हालचालीच्या ओळीवर येऊन थांबतं. शिवाय कंट्रोल पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवतो. त्यामुळे हालचाल पूर्ण व्हायच्या आतच एखादा हिशोब होऊन गेलेला असू शकतो. "मी तर ऑफसेट आधी बदलला होता" हे वाक्य तिथूनच जन्माला येतं.

प्रूव्ह झालेला मॅक्रो ९००० च्या पुढच्या नंबरात ठेवा आणि पॅरामीटर ३२०२ च्या बिट ४ ने (मोजणी शून्यापासून) एडिट बंद करा. रात्री कोणीतरी "जरा सुधारणा" करणार नाही.

घरी सराव कसा करू? मशीन तर रिकामं मिळत नाही.

लिनक्ससीएनसी मोफत आहे, साध्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर म्हणून चालतं. व्हेरिएबल तिथेही # नेच लिहितात, लूप लिहायची पद्धत मात्र फॅनुकपेक्षा वेगळी आहे. हायडेनहाइनचं प्रोग्रॅमिंग स्टेशन छोट्या प्रोग्रॅमपुरतं मोफत वापरता येतं. नाहीतर वही आणि कॅल्क्युलेटर: लूपच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक व्हेरिएबलची किंमत काय, असा तक्ता हाताने भरा. कंटाळवाणं आहे, पण मशीन जे करतं ते अगदी हेच.

कोर्स कुठे करू?

पाया कच्चा असेल तर कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड आहेत. टूल-डायच्या बाजूने जायचं असेल आणि काही महिने बाहेर राहायची तयारी असेल, तर छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम. खासगी क्लासची नावं सांगत नाही, पण पैसे भरण्याआधी तिथे जाऊन विचारा: स्वतःचं मशीन आहे का, एका मशीनमागे किती मुलं, कंट्रोल कोणता, आणि ड्रॉइंगपासून तयार जॉबपर्यंतचं काम मला स्वतःला करू देणार का? मॅक्रो शिकवता म्हणताय तर शिकवणाऱ्याने लिहिलेला एक दाखवा. शेवटच्या प्रश्नाला चहा मागवला जात असेल तर चहा पिऊन निघा.

एआयकडून मॅक्रो लिहून घेतला तर?

मसुदा म्हणून ठीक. अडचण अशी की त्यात कंट्रोल मिसळण्याचा धोका असतो: फॅनुकच्या प्रोग्रॅममध्ये सीमेन्सची अट, हासचा सिस्टिम व्हेरिएबल. वाचताना सगळं गुळगुळीत वाटतं. प्रत्येक # नंबर तुमच्या मशीनच्या मॅन्युअलशी ताडून बघता येत नसेल, तर तो प्रोग्रॅम मेमरीत टाकू नका.

हे शिकून पगार वाढेल का?

ऑपरेटरचा सेटर आणि सेटरचा प्रोग्रॅमर झाला की वाढतो, पण "मला मॅक्रो येतो" म्हटल्याने नाही. मालकाला आकडे दाखवा: सेटिंगला आधी किती वेळ लागायचा, आता किती, रिजेक्शन किती होतं, किती झालं. हे शिफ्टच्या रिपोर्टमध्ये दिसलं की बोलणं सोपं जातं. जॉबवर्कवाल्या छोट्या युनिटचे मालक याला लवकर दाद देतात, त्यांचं नुकसान थेट खिशातून जातं.

बॅकअपमध्ये काय काय घ्यायचं?

नुसते प्रोग्रॅम नकोत. पॅरामीटर, टूल ऑफसेट, वर्क ऑफसेट, मॅक्रो व्हेरिएबल आणि पिच एररची (स्क्रूतल्या बारीक चुकांची) भरपाई हेही कार्डवर घ्या, तारीख टाकून, आणि एक प्रत शेडच्या बाहेर ठेवा. #५०० च्या पुढचे आकडे बॅटरीवर टिकतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी युनिट कित्येक दिवस बंद राहतं, आणि बॅटरी आधीच मरायला टेकली असेल तर वीज आल्यावर स्क्रीनवर अलार्मांची रांग आणि व्हेरिएबल कोरे. बॅटरीची सूचना दिसली की त्याच आठवड्यात बदला, आणि बदलताना कंट्रोल चालू ठेवा, इमर्जन्सी दाबून. बंद करून बॅटरी काढली तर जे वाचवायचं होतं तेच जाऊ शकतं.

मी लिहिलेला मॅक्रो नोकरी सोडताना नेऊ का?

कारखान्याच्या वेळेत, कारखान्याच्या जॉबसाठी लिहिलेला असेल तर नाही. त्यात ग्राहकाच्या ड्रॉइंगची मापं असतात, ती तर अजिबात नेऊ नका. पीसीडीसारखा सर्वसाधारण मॅक्रो तुम्ही नव्या ठिकाणी तासाभरात पुन्हा लिहू शकता, आणि दुसऱ्यांदा लिहिलेला बहुधा आधीच्यापेक्षा आखूड होतो.